काळ्या मसाल्यातल्या चापा

बोकडाच्या बरगडीचा मांसासकट काढलेला तुकडा म्हणजे चाप. बोकडाला बरगड्यांच्या १३ जोड्या असतात. कण्याकडच्या टोकाला मऊ मांसाचा गोळा, पुढे निमुळते हाड आणि त्यावर चरबीचा पातळ थर, अशी तिची घडण. गोव्यात आणि वसईकडच्या ख्रिस्ती घरांत डुकराच्या चापाही रांधतात. सावदा, फैजपूर, रावेर या खानदेशातल्या केळीच्या पट्ट्यात मात्र मटण म्हणजे बोकडाचे, आणि तेही काळ्या मसाल्यातले. इथल्या अनेक घरांत मांस शिजतच नाही. जिथे शिजते तिथेही पुष्कळदा चूल अंगणात आणि भांडी वेगळी असतात.

डुकराची चाप तव्यावर काही मिनिटांत होते. बोकडाच्या मांसात चिवट तंतू जास्त, म्हणून त्याची चाप नुसती परतली तर वातड राहते. ओलाव्यात सावकाश शिजताना हे तंतू विरघळतात आणि रश्शाला बोटांना चिकटणारा दाटपणा येतो. म्हणूनच चापा आधी शिजवायच्या आणि मग त्यांचे काय करायचे ते ठरवायचे. एवढे पाळले की रात्रीचा स्वयंपाक सोपा होतो.

पाच-सहा माणसांना १ किलो चापा पुरतात. धुऊन त्यांना मीठ, हळद आणि आले-लसणाचे वाटण चोळून अर्धा तास ठेवावे. कुकरमध्ये थोड्या तेलावर कांदा परतून त्यात चापा टाकाव्या, त्यांचा रंग पालटला की बुडतील इतके गरम पाणी घालावे. कोवळ्या बोकडाला चार-पाच शिट्ट्या पुरतात, जुन्याला जास्त लागतात. मांस हाडाशी सैल झाले, पण सुटून पडत नाही, तिथे थांबावे. वर जे पाणी उरते ते अळणी सूप. तिखट न सोसणाऱ्या लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना यातलेच वाटीभर मिरपूड घालून आधी द्यावे. त्यांच्यासाठी वेगळे काही रांधावे लागत नाही.

खरी कसोटी मसाल्याची. दोन मोठे कांदे सालीसकट थेट विस्तवावर भाजावेत, वरची साल कोळसा होईपर्यंत. सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटीही तशीच, काळे डाग पडेपर्यंत. धने, मिरी, लवंग, दालचिनी, तेजपान, मसाला वेलची आणि दगडफूल कोरडे भाजून घ्यावे. मग कांद्याची जळकी साल काढून हे सगळे लसूण, आले, कोथिंबिरीसह बारीक वाटावे. तेलात तळलेल्या कांद्याने ही चव येत नाही. खानदेशी मटणाचा धुरकट वास विस्तवातून येतो. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ मिळाला तर उत्तमच, पण गॅसवर जाळी ठेवूनही काम भागते. उन्हाळ्यात घरी केलेला काळा मसाला डब्यात असेल तर कांदा-खोबरे तेवढे भाजायचे राहते.

शेंगदाण्याचे तेल सढळ हाताने घेऊन त्यात लाल तिखट आणि वाटण टाकावे, आणि कडेने तेल सुटेपर्यंत परतावे. इथे घाई केली तर रश्शाला कच्चट वास राहतो आणि तो पुढे कितीही उकळले तरी जात नाही. नंतर शिजलेल्या चापा आणि उरलेले सूप घालून, वरून उकळते पाणी ओतून, झाकण न ठेवता दहा-पंधरा मिनिटे उकळावे. गार पाणी ओतू नये, उकळी मोडते. रस्सा पातळच हवा आणि वर तांबडीकाळी तर्री दिसायला हवी. दाट केला की तो खानदेशी राहत नाही.

सुक्या चापांसाठी हेच वाटण निम्मे घेऊन, रुंद तव्यावर, पाणी आटेपर्यंत परतायचे. तिसरा प्रकार त्याहून झटपट. शिजलेल्या चापा निथळून त्यांना लसूण, तिखट, काळा मसाला आणि लिंबू लावायचे, विस्तवावर फिरवून लवचीक केलेल्या केळीच्या पानात गुंडाळायचे आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी पान करपेपर्यंत ठेवायचे. सावद्याच्या परिसरात पानाला तोटा नाही.

सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत थोडे सालासकट उडीद आणि मीठ घालून दळले की ते पीठ कळण्याचे. थंडीत बाजरीची भाकरीही चालते. कच्चा कांदा, लिंबाची फोड आणि साधा भात एवढ्यावर ताट पुरे होते.

रस्सा उरला तर टाकू नये. रात्री फ्रिजमध्ये ठेवून सकाळी खळखळून उकळावा आणि त्यात शिळी भाकरी कुस्करावी. मसाला रात्रभर मुरलेला असतो.