कपाटावरची दुर्बीण आणि तिचा आयपीस: घरच्या घरी काय सुधारता येतं?

जयंतीच्या वर्गणीतला काही भाग अभ्यासिकेवर खर्च करावा, असा आग्रह धरणारे तरुण आता बऱ्याच वस्त्यांत आहेत. पुस्तकं येतात, संगणक येतो आणि काही ठिकाणी दुर्बीणही येते. ऑनलाइन मागवलेली, खोक्यावर शनीचा रंगीत फोटो आणि '525 पट' असं मोठ्या अक्षरांत छापलेली. पहिल्या रात्री गच्चीवर रांग लागते. एकेक जण डोळा लावतो, "काहीच दिसत नाही" म्हणतो आणि बाजूला होतो. आठवड्याभरात दुर्बीण कपाटावर जाते.

कामाच्या निमित्ताने आम्ही ज्या अभ्यासिकांत जातो, तिथे अशा दुर्बिणी पाहिल्या आहेत. दुर्बीण धूळ खाते याचं वाईट वाटतंच, पण त्या रांगेतली पोरं मनात काय घेऊन घरी जातात ते आम्हाला जास्त लागतं. हे आपल्याला जमणारं नाही, ही मोठ्या शाळेतल्या मुलांची कामं, असं काहीतरी. प्रत्यक्षात या दुर्बिणींचं पुढचं मोठं भिंग बहुतेक वेळा ठीकठाक असतं. घोळ असतो तो डोळ्याजवळच्या अंगठ्याएवढ्या नळीत. तिला मराठीत नेत्रिका म्हणतात, बाजारात आयपीस. हा भाग उघडता येतो, समजून घेता येतो आणि पन्नास-शंभर रुपयांच्या सामानात बऱ्यापैकी सुधारता येतो. नवा बरा आयपीस घ्यायचा तर हजार-दोन हजार सहज जातात.

आधी त्या 525 चा हिशेब करू. दुर्बीण किती पट मोठं दाखवते, हे काढायला तिच्या मुख्य भिंगाच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागायचं. सर्रास मिळणाऱ्या छोट्या दुर्बिणीत भिंगाचा व्यास 60 मिलिमीटर आणि नाभीय अंतर 700 मिलिमीटर असतं. 20 मिलिमीटरचा आयपीस लावला की 35 पट. 4 मिलिमीटरचा लावला की 175 पट. त्यात तीन पट वाढवणारी बार्लो नावाची नळी जोडली की 525. गुणाकार बरोबर आहे, पण 60 मिलिमीटरच्या भिंगातून येणारा प्रकाश आणि बारकावे साधारण 120 पटीपर्यंतच साथ देतात. व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट, असा ढोबळ नियम आहे. त्यापुढे चित्र फक्त पसरतं आणि अंधारतं. शिवाय 4 मिलिमीटरच्या स्वस्त आयपीसला डोळा जवळजवळ टेकवावा लागतो, पापणी लागली की दुर्बीण हलते. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: 4 मिलिमीटरचा आयपीस आणि बार्लो डब्यात ठेवून द्या. अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात. ज्या शनीच्या साडेसातीची भीती घालून घराघरांतून पैसे उकळले जातात, त्याला कडी आहे हे 35 पटीलाही ओळखू येतं. (मार्च 2025 मध्ये ही कडी पृथ्वीवरून अगदी कडेने दिसत होती. आता ती वर्षागणिक रुंद दिसत जाईल.)

आता आयपीसकडे. अंगावर अक्षर असतं ते बघा. एच म्हणजे हायगेन्स. ही रचना क्रिस्तियान हायगेन्सने 1660 च्या दशकात केली. दोन भिंगं, दोघांची एक बाजू सपाट, एक फुगीर. दोन्ही सपाट बाजू डोळ्याकडे. एसआर असेल तर रॅम्सडेनची रचना, 1782 ची. यात दोन भिंगांच्या फुगीर बाजू एकमेकींकडे तोंड करून. के म्हणजे केल्नर, 1849 ची. यात डोळ्याजवळचं भिंग दोन वेगळ्या काचा चिकटवून केलेलं असतं, त्यामुळे रंगीत किनार कमी होते. पीएल म्हणजे प्लॉसल, व्हिएन्नाच्या प्लॉसलने 1860 मध्ये केलेली. यात अशा चिकटवलेल्या दोन जोड्या, जास्त फुगीर बाजू समोरासमोर. हे चार प्रकार लक्षात ठेवले की उघडल्यावर भिंगं पडली तरी घाबरायचं कारण नाही. कोणती बाजू सपाट हे कळत नसेल तर भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. सपाट बाजूवर ते आरशासारखं सरळ दिसतं, फुगीर बाजूवर बारीक होतं.

उघडण्याआधी तपासणी करा, नाहीतर काय सुधारलं ते कळणारच नाही. दिवसा आयपीस उजळ भिंतीकडे धरून आत बघा. गोलाची कड काळी आणि रेखीव दिसली पाहिजे. ती धूसर असेल तर आतलं कडं चुकीच्या जागी आहे. मग खोलीत अंधार करून, खालच्या बाजूने मोबाइलच्या टॉर्चचा प्रकाश तिरका सोडून बघा. आत चकाकणारी वलयं दिसतील, तोच सगळ्यात मोठा दोष. रात्री चंद्र दृश्याच्या जरासा बाहेर ठेवा. चंद्र दिसत नसतानाही दृश्यात पांढुरकं धुकं किंवा प्रकाशाचा कोयता दिसला, तर प्रकाश आतल्या भिंतींवर आपटून डोळ्यात येतो आहे. आणि काळे ठिपके दिसत असतील तर आयपीस जागच्या जागी फिरवा. ठिपके सोबत फिरले तर घाण आयपीसमध्ये आहे.

उघडायला ताटात जाड पांढरा टॉवेल अंथरा. भिंग निसटलं तर घरंगळत नाही आणि सापडतं. बहुतेक आयपीसची खालची नळी आट्यांची असते, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून निघते. अडली तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पकडा, पण फार आवळू नका. आवळल्याने पातळ नळी लंबगोल होते आणि आटे आणखी अडकतात. आत भिंगं धरून ठेवणारी एक रिंग असते, तिला समोरासमोर दोन खाचा असतात. त्यासाठी वेगळं हत्यार मिळतं, पण पट्टीचा तुकडा त्या रुंदीला घासून घेतला तरी भागतं. कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकांनी करू नका. ते घसरलं की काचेवर ओरखडा पडतो, आणि ओरखड्याला औषध नाही. काही स्वस्त प्लास्टिकचे आयपीस डिंकाने चिकटवलेले असतात, ते सोडून द्या.

रिंग निघाली की आयपीस टॉवेलवर उलटा करा, भिंगं आपोआप येऊ द्या, बोटाने ढकलू नका. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा आणि वहीत चित्र काढा: आधी काय निघालं, मग काय, फुगीर बाजू कुठे होती. भिंगाच्या काठावर पेन्सिलीने वरच्या दिशेचा बाण करा. वहीचं काम आम्ही मुद्दाम लहान मुलांकडे देतो. दहावीच्या धड्यातल्या भिंगाच्या आकृत्या त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा हातात मिळतात.

या चिकटवलेल्या जोड-भिंगांबद्दल थोडं विषयांतर. ती सुधारण्यात ज्याचा मोठा वाटा आहे, तो जोसेफ फ्राउनहोफर अकराव्या वर्षी अनाथ झाला. म्युनिकमध्ये एका काचवाल्याकडे उमेदवारीला लागला, आणि मालक त्याला शिकू देत नव्हता. 1801 मध्ये ते घर कोसळलं, ढिगाऱ्यातून त्याला जिवंत काढलं. तिथल्या राजाचं लक्ष गेलं, पुस्तकं मिळाली, अभ्यासाला वेळ मिळाला. पुढे त्याच्या कारखान्यातून त्या काळातली सर्वोत्तम भिंगं निघाली. शिकायला मिळण्यासाठी घर अंगावर कोसळावं लागलं, हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प होतो.

स्वच्छतेचं काम थोडक्यात. आधी रबरी फुग्याच्या ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ ब्रश. डाग राहिला तरच कानाच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने मधून बाहेर पुसा. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे ते असतं. नेलपेंट काढायचं ॲसिटोन चालणार नाही. भिंग प्लास्टिकचं असेल तर पांढरं पडेल आणि जोड-भिंगाचा चिकट थर सुटू शकतो. जोड-भिंग बुडवू नका, तापवू नका, सोडवायचा प्रयत्नही करू नका.

खरा फरक पडतो तो काळा करण्याने. कंपनीने आत काळा रंग दिलेला असतोच, पण तो गुळगुळीत असतो. समोरून काळा दिसतो, तिरक्या प्रकाशात आरशासारखा चमकतो. म्हणून रंग मॅट हवा. शाळेच्या फळ्याला देतात तो काळा रंग यासाठी उत्तम. नळीची आतली बाजू, खालचे आटे आणि दोन भिंगांमधलं कडं, सगळ्यांना पातळ हात द्या. ते मधलं कडं पुष्कळदा नुसत्या चकचकीत धातूचं असतं. नंतर भिंगांचा काठ. तिथली काच घासलेली, पांढरी असते आणि प्रकाश सगळीकडे उधळते. काळ्या परमनंट मार्करने किंवा काळ्या शाईने फक्त काठ रंगवा. थर पातळ ठेवा, जाड झाला तर भिंग जागेवर बसणार नाही. भिंगाच्या तोंडावर ठिपका पडला तर लगेच पुसा. सगळं किमान एक दिवस उघड्यावर वाळू द्या. घाईने बंद केलं तर रंगाची वाफ काचेवर बसते आणि नवं धुकं तयार होतं.

गोलाची कड धूसर असेल तर तेही आता जमतं. रॅम्सडेन, केल्नर आणि प्लॉसलमध्ये कड ठरवणारं कडं भिंगांच्या खाली, दुर्बिणीच्या बाजूला असतं. काळ्या कार्डपेपरची रिंग कापून नळीत वर-खाली सरकवत वरून बघा. जिथे कड रेखीव दिसेल तिथे ती बसवा. हायगेन्समध्ये ही जागा दोन भिंगांच्या मधे असते, तिथे हात घालणं किचकट, आम्ही सहसा टाळतो. जोडताना रिंग गच्च आवळू नका. दाबलेलं भिंग ताऱ्याचा ठिपका ओढल्यासारखा दाखवतं. हलवल्यावर खुळखुळ वाजू नये, एवढंच पुरे.

यातून चित्र जास्त टोकदार होत नाही, हे आधीच सांगून ठेवा. काळेपणा गडद होतो, चंद्राच्या खड्ड्यांच्या सावल्या उठून दिसतात, धुकं जातं. काचेवर लेप नसेल (प्रतिबिंब निळसर-जांभळं न दिसता पांढरं दिसतं) तर प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे 4 टक्के प्रकाश परततो, म्हणजे दोन भिंगांत साधारण 15 टक्के जातो. तो लेप घरी देता येत नाही. ओरखडलेलं प्लास्टिकचं भिंगही सुधारत नाही. अशा वेळी जुन्या बाजारातली मोडकी द्विनेत्री बघा. तिच्या आयपीसमधली भिंगं बहुतेकदा यापेक्षा बरी असतात, फक्त आपल्या दुर्बिणीच्या नळीचं माप घेऊन जा: 31.7 किंवा 24.5 मिलिमीटर.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. काही खोक्यांत आयपीसला लावायची एक गडद काच येते, तिच्यावर 'सन' लिहिलेलं असतं. सूर्याचा एकवटलेला प्रकाश तिच्यावर पडतो, ती तापून तडकते आणि पाहणाऱ्याचा डोळा क्षणात जातो. ती काच कुणाला देऊ नका, जपूनही ठेवू नका. कागदात गुंडाळून हातोडीने फोडा आणि मुलांसमोरच फोडा, म्हणजे कारण विचारतील. दुर्बीण सूर्याकडे वळवायची नाही, हे अभ्यासिकेच्या भिंतीवर लिहून ठेवा.

पहिल्या चाचणीसाठी पौर्णिमा निवडू नका, तेव्हा चंद्रावर सावल्याच नसतात. शुद्ध अष्टमीच्या आसपासची संध्याकाळ बघा. 20 किंवा 25 मिलिमीटरचा आयपीस लावा, अर्ध्या चंद्राची उजेड-अंधाराची सीमा मधोमध आणा आणि रांगेत सगळ्यात आधी त्या वहीवाल्या मुलांना उभं करा.