वाडीचे थर आणि शेजारधर्म

वसईच्या जुन्या वाडीची रचना मजल्यांसारखी असते. सर्वांत वर नारळ, त्याखाली केळी, जमिनीलगत अळू व हळद आणि नारळाच्या खोडावर चढलेला मिरीचा वेल. दोन माडांमध्ये सुमारे २५ फुटांचे अंतर राखल्यास खाली पुरेसे ऊन झिरपते. हळद, अळू व मिरी यांना विरळ सावली मानवते. वरून गळालेला पाला कुजून खालच्या पिकांचे खत होतो.

इमारतींसाठी आज अनेक वाड्या नाहीशा झाल्या आहेत. वाडी गेली की तिच्यातील जुना वाणही जातो. मात्र त्याचा मुनवा आधीच शेजाऱ्याला दिलेला असेल, तर तो वाण तेथे जिवंत राहतो. म्हणून रोप देणे हे जतनच आहे.

रोपासोबत प्रामाणिक सल्लाही द्यावा. केळीचा मुनवा अरुंद, तलवारीसारख्या पानांचा निवडावा. शेंड्याकडील पाने आखूड व गुच्छासारखी दाटलेली दिसल्यास पर्णगुच्छ रोगाची शंका घ्यावी. हा विषाणूजन्य रोग माव्यामार्फत आणि रोगट मुनव्यांतून पसरतो. असे झाड कंदासह नष्ट करावे. त्याचा मुनवा कोणालाही देऊ नये. अन्यथा प्रेमाची भेट शेजाऱ्याच्या बागेचे नुकसान करील.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. त्या घराची काळजी कुंपणापाशी सुरू होते. सदनिकेत राहणाऱ्यांनाही मोठ्या कुंडीत कढीपत्ता व त्याच्या सावलीत आले लावता येईल. येत्या पावसाळ्यात प्रत्येक कुटुंबाने निदान एक निरोगी रोप शेजारी द्यावे.