सूर कुणी सरकवला?

लातूर म्हटलं की लोकांना क्लासेस आठवतात आणि नांदेड म्हटलं की गुरुद्वारा. या दोन गावांत माइल्स डेव्हिसच्या एकाच रेकॉर्डच्या तीन-तीन आवृत्त्या जमवून त्या एकमेकींशी ताडून बघणारी माणसं आहेत, असं पुण्याच्या एखाद्या संग्राहकाला सांगितलं तर तो आधी हसतो. मग हळूच विचारतो, "प्रेसिंग कुठलं आहे?" हा प्रश्न ज्याला आवरत नाही, तो आमच्यातला.

आमच्या मंडळात कायमचे दोघं. नांदेडचे साहेब वीज खात्यात अभियंता होते. लातूरचे मास्तर शाळेत गाणं शिकवायचे आणि संध्याकाळी हार्मोनियमच्या शिकवण्या घ्यायचे. साहेबांकडे रेकॉर्डी आणि यंत्रं, मास्तरांकडे कान. मी खोकी उचलणारा, सुई पुसणारा आणि भांडण पेटलं की चहा टाकायला सांगणारा. आता दोघंही निवृत्त आहेत. नावं छापायची नाहीत या अटीवर हे किस्से सांगायची परवानगी मिळाली आहे.

सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे खरेदी म्हटली की नांदेडकराचे पाय अजूनही हैदराबादकडे वळतात. आबिड्सला रविवारी फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तिथल्या गठ्ठ्यांत कधीमधी एलपी निघायच्या. मीटरगेजच्या काळात त्या अजिंठा एक्स्प्रेसनं नांदेडला यायच्या. लातूरचं अवघड होतं. मुंबईहून निघालेलं खोकं कुर्डुवाडीला उतरवून नॅरोगेज गाडीत चढवायचं, नाहीतर सरळ एसटी. एकदा ऐन मे महिन्यात आमच्यापैकी एकानं नांदेडहून निघताना 'डार्क साइड ऑफ द मून' एसटीत ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर ठेवली, म्हणजे गर्दीत कुणी त्यावर बसायला नको. अहमदपूर येईपर्यंत तिचा वाडगा झाला होता. साहेबांनी ती दोन जाड काचांमध्ये दाबून महिनाभर कपाटाखाली ठेवली. सरळ झाली, पण काठाजवळ सुई अजून वरखाली होते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आवृत्त्यांची तुलना म्हणजे कव्हरची छपाई बघणं. खरं काम लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर असतं. तिथं बॅटरीचा उजेड तिरका पाडून कोरलेली अक्षरं वाचायची. ब्लू नोटच्या रेकॉर्डवर 'आरव्हीजी' दिसलं, म्हणजे खाचा स्वतः रूडी व्हॅन गेल्डरनं कापल्या. त्या तीन अक्षरांवर किंमत चढते किंवा पडते. मास्तरांना मात्र या पट्टीत काडीचा रस नव्हता. ते म्हणायचे, "अक्षरं तुम्ही वाचा, मला आधी सा सांगा."

मास्तर जॅझकडे कसे आले, तर चितळकरांच्या दारातून. सी. रामचंद्र म्हणजे आपल्या पुणतांब्याचे. 'शहनाई'तलं 'आना मेरी जान', मग १९५१ चा 'अलबेला'. त्यात ट्रम्पेट वाजवणारा चिक चॉकलेट म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. हॉटेलांतून जॅझ वाजवणारी ही गोव्याची मंडळी दिवसा फिल्मी स्टुडिओत बसायची, म्हणून मराठवाड्यातल्या टूरिंग टॉकीजमध्येसुद्धा लोकांनी जॅझ ऐकलेलं आहे. फक्त ते जॅझ आहे असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मास्तरांचा सा तपासायचा हट्टही जुना, आणि तो आला बालगंधर्वांवरून. जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या दर वेळी बरोब्बर अठ्ठ्याहत्तरच्याच वेगानं कोरलेल्या असत असं नाही. पुढं त्या एलपीवर आणि कॅसेटवर आल्या तेव्हा ज्यानं उतरवल्या त्याच्या हाताला येईल तो वेग लागला. मास्तरांकडे एकाच नाट्यपदाच्या दोन आवृत्त्या होत्या, एकीत बालगंधर्व काळी एकमध्ये गात होते आणि दुसरीत त्याच्या जरा वर, कुठल्याच पट्टीत नाही. निवाडा करायची त्यांची रीत साधी होती. गायक दोन पट्ट्यांच्या मधोमध सा लावू शकतो, साथीच्या ऑर्गनला तशी सोय नाही. ऑर्गन दोन पट्ट्यांच्या मध्ये वाजत असेल तर वेग चुकला. असली शोधाशोध करणारे ते एकटे नाहीत. मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली, सुरेश चांदवणकरांनी तिचं काम वर्षानुवर्षं वाहिलं आणि 'द रेकॉर्ड न्यूज' या तिच्या अंकांतून जुन्या तबकड्यांवर बारकाईनं लिहिलं गेलं.

आता मुख्य किस्सा. नव्वदच्या दशकातला, नांदेडच्या शिवाजीनगरातल्या साहेबांच्या घरचा. आबिड्सहून माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' आली होती. जुनी विलायती प्रत, कव्हरचे कोपरे खाल्लेले, रेकॉर्ड स्वच्छ. मास्तर त्या दिवशी दुरुस्त करून आणलेली पेटी सोबत घेऊनच आले होते. संध्याकाळी सातच्या सुमारास सुई ठेवली. पहिलं 'सो व्हॉट'. बासची ती प्रश्नासारखी ओळ आली, बाकीच्यांनी तिला दोन स्वरांत उत्तर दिलं आणि मास्तरांचा हात पेटीकडे गेला. "पांढरी दोन," ते म्हणाले. थोडं ऐकून, "काफी आहे की ओ हा! ग, नी कोमल." पुढं सगळं एकदम अर्ध्या स्वरानं वर सरकलं. मास्तरांनी मान डोलावली, "काळी दोनवर गेला… आठ आवर्तनं… आला परत." कुठल्याही जॅझच्या पुस्तकात हेच लिहिलेलं असतं, डी डोरियन, ई फ्लॅट डोरियन, सोळा, आठ, आठ. मास्तरांनी ते न वाचता चहा गार व्हायच्या आत सांगितलं.

पेटी आणि रेकॉर्ड तंतोतंत जुळत होत्या. मग रेकॉर्ड उलटली. दुसऱ्या बाजूवर पहिल्या काही सुरांतच मास्तरांचा चेहरा बदलला. पेटीचा आणि ट्रम्पेटचा स्वर एकत्र धरला की मध्ये लाटा उठत होत्या. "उतरलंय," ते म्हणाले. साहेब चिडले. त्यांच्या टर्नटेबलवर कुणी बोट ठेवलेलं त्यांना खपत नसे. त्यांनी ताबडतोब रेघांची चकती काढून ताटावर ठेवली. ट्यूबलाइटच्या उजेडात फिरणाऱ्या चकतीवरच्या रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर, ही जगन्मान्य परीक्षा. रेघा ढिम्म होत्या. "बघा," साहेब म्हणाले, "तुमची पेटी तपासा."

त्यावर पुष्कळ बोलाचाली झाली. मास्तरांनी जेवताना अबोला धरला. जेवणं आटोपून अकरा वाजून गेले, पाहुणा परत निघू नये म्हणून साहेबांनी पहिली बाजू पुन्हा लावली. आणि आता तीच पहिली बाजू चढली! पेटी तीच, रेकॉर्ड तीच, रेघा अजूनही स्थिर. मास्तर म्हणाले, "घर बदललं का तुम्ही?"

साहेब मिनिटभर ट्यूबलाइटकडे बघत उभे राहिले. मग फोन उचलून त्यांनी उपकेंद्रातल्या ड्यूटीवरच्या माणसाला विचारलं, "संध्याकाळी सातला फ्रिक्वेन्सी किती होती रे?" तिकडून उत्तर आलं, एकोणपन्नास पॉइंट चार. आत्ता पन्नासच्या वर.

हे प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. साहेबांच्या टर्नटेबलची मोटर सिंक्रोनस होती. अशी मोटर व्होल्टेजला जुमानत नाही, ती विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेली असते. कागदावर ती सेकंदाला पन्नास. पण त्या काळी संध्याकाळी साऱ्या ग्रिडवर मागणी चढली की फ्रिक्वेन्सी खाली यायची, आणि मोटरही तेवढीच मंदावायची. ट्यूबलाइटची उघडझापसुद्धा त्याच फ्रिक्वेन्सीवर चालते, म्हणून चकतीवरच्या रेघा स्थिरच दिसतात. चोर आणि पोलीस एकाच घड्याळावर चालत होते. रेघांची चकती नांदेडात काहीही सिद्ध करत नव्हती. (पश्चिम ग्रिडवर २००२ च्या जुलैत फ्रिक्वेन्सीशी जोडलेली दरपद्धत आली, त्यानंतर हे झोके कमी झाले.)

पण अर्धं कोडं शिल्लक होतं. वेग मंद असेल तर दोन्ही बाजू सारख्याच उतरायला हव्यात, मग संध्याकाळी पहिली बाजू पेटीला जुळली कशी? याचं उत्तर न्यूयॉर्कहून आलं, तेही काही वर्षांनी. साहेबांच्या भाच्यानं याच रेकॉर्डची १९९७ ची सीडी पाठवली, तिच्यात या कोड्याचा खुलासा होता. २ मार्च १९५९ ला कोलंबियाच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मुद्रित झाली, तेव्हा मुख्य टेप मशीन किंचित मंद चालत होतं. मंद टेप नेमक्या वेगानं वाजवली की सूर चढतो. म्हणून रेकॉर्डवर ती बाजू सुमारे सव्वा टक्का चढी गेली. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती बरोबर होती. स्टुडिओत जोडीला दुसऱ्या मशीनवर राखीव टेप चालू होती, तिचा वेग ठीक होता. तिच्यावरून दुरुस्त आवृत्ती निघाली ती १९९२ मध्ये. मधली तेहतीस वर्षं सगळ्या जगानं कोल्ट्रेन आणि बिल इव्हान्स चढ्या सुरात ऐकले. नांदेडात मात्र ऐन मागणीच्या वेळी वीज सव्वा टक्का खाली यायची आणि कोलंबियाची चूक भरून निघायची. साहेबांनी हिशोब कागदावर मांडला आणि खाली लिहिलं, "वीज खात्याचा हातभार." तो कागद अजून त्या कव्हरमध्ये आहे.

सीडीप्लेअरला स्वतःचं क्वार्ट्झचं घड्याळ असतं, ग्रिड त्याच्या वाटेला जात नाही. त्यामुळे सीडीच्या दोन्ही अर्ध्या भागांशी पेटी जुळली. मास्तरांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, सूर बरोबर आहे, पण झांज आता पत्र्यासारखी लागते. साहेबांना ते मान्य नाही. यावर आजही एकमत नाही, आणि मला विचाराल तर झांजेबाबत मास्तर बरोबर आहेत.

परदेशी संग्राहकांना आपल्याकडून वेगळंच काही हवं असतं. कलकत्त्याच्या डमडम कारखान्यात एचएमव्हीनं साठच्या दशकातही लाखेच्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या काढणं चालू ठेवलं होतं, कारण खेडोपाडी चावीचे फोनो होते आणि वीज नव्हती. त्यामुळे बीटल्सची गाणीही लाखेच्या तबकडीवर निघाली. या तबकड्यांसाठी बाहेर मोठी बोली लागते. एका इंग्रज गृहस्थांच्या पत्रावरून आम्ही गंजगोलाईपासून वजिराबादपर्यंत भंगारवाल्यांना विचारत फिरलो. एकानं उत्साहानं पोतं ओतलं. त्यात भजनं होती, एक पोवाडा होता आणि कुत्र्याचं लेबल उंदरांनी कुरतडलेली बिनचेहऱ्याची एक तबकडी. ती वाजवली. कीर्तन निघालं.

२०१६ चा उन्हाळा आला तेव्हा छंद गुंडाळून ठेवायची वेळ आली होती. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. रेकॉर्ड धुवायला पाणी लागतं, तेही क्षार नसलेलं. मी बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड पाण्याची बाटली आणली आणि मास्तरांच्या ओट्यावर जोनी मिचेलची 'ब्लू' मऊ ब्रशनं पुसायला घेतली. काकूंनी आतून बघितलं. "घरात प्यायला थेंब नाही, अन् तुम्ही परदेशी बाईला न्हाऊ घालायलाव!" ते पाणी पिण्याचं नाही हे सांगायची हिंमत मास्तरांनाही झाली नाही. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत एकही रेकॉर्ड धुतली गेली नाही.

अलीकडचं भांडण 'सार्जंट पेपर'चं. साहेबांकडे डमडमची स्टिरिओ एलपी आहे, २००९ च्या बीटल्स संचातली मोनो सीडी आहे आणि २०१७ ची, जाइल्स मार्टिननं नव्यानं मिश्रण केलेली आवृत्ती आहे. १९६७ मध्ये बीटल्स स्वतः बसले ते मोनो मिश्रणाला. स्टिरिओ नंतर, भराभर उरकलं गेलं. 'शीज लीव्हिंग होम' लावलं. या गाण्यातली मुलगी घर सोडून जाते, लातुरात क्लाससाठी येतात तशी नव्हे, आईबापांना न सांगता. मास्तरांनी स्टिरिओ ऐकून पांढरी तीन सांगितली. मोनोवर पांढरी चार. साहेबांनी सवयीनं मोबाइल काढला, फ्रिक्वेन्सी बघायला. या वेळी वीज निर्दोष होती. मोनोमध्ये टेपचाच वेग वाढवलेला होता, आणि २०१७ च्या आवृत्तीनंही तोच वेग घेतला.

"म्हणजे पन्नास वर्षं अर्ध्या जगात पोरगी धावत गेली आणि अर्ध्या जगात रेंगाळत," मास्तर म्हणाले. मग त्यांनी पेटी पुढं ओढली आणि दोन्ही पट्ट्यांत चाल वाजवून बघितली. त्यांना पांढरी तीनच पसंत पडली, म्हणजे नेमकी ती, जी बीटल्सनी दुसऱ्यांवर सोपवली होती. साहेब म्हणतात, हा निवाडा सवयीचा आहे, मास्तर आयुष्यभर तीच आवृत्ती ऐकत आले. मास्तर म्हणतात, मोनोची नवी एलपी मागवा, सीडीवरून ठरवत नाही. ती मागवायची तर टपालखर्च आणि कस्टम ड्युटी कोण भरणार, यावर सध्या बोलणी चालू आहेत.