लेडी अमृतबाई, सर बिपिन आणि ‘मिस्टर प्रशांत’

नागपुरात एलएडी कॉलेज सगळ्यांनाच माहीत असतं. पण त्यातल्या तीन अक्षरांचं पूर्ण रूप, लेडी अमृतबाई डागा, एखाद्या इंग्रज शिष्टाचारपंडितापुढे ठेवलं तर तो लाल पेन काढेल. त्याच्या नियमाप्रमाणे ‘सर’ किताब मिळालेल्या माणसाची पत्नी ‘लेडी’ होते, पण पुढे फक्त नवऱ्याचं आडनाव लागतं: लेडी डागा. ‘लेडी’ला लागून स्वतःचं नाव लावण्याचा मान ड्यूक, मार्क्वेस आणि अर्ल यांच्या मुलींचा. आपल्याकडे मात्र बाईचं नाव गाळायचं कुणाला पटलं नाही. नियम मोडला, पण अमृतबाई राहिल्या, हे मला तरी बरंच झालं असं वाटतं.

‘सर’चं नेमकं उलट. नागपूर विद्यापीठ १९२३ साली सुरू झालं, तेव्हा पहिले कुलगुरू होते सर बिपिन कृष्ण बोस. भाषणांत त्यांना कुणी ‘सर बोस’ करून टाकलं, तर ते चूक. किताब स्वतःच्या नावाला चिकटतो, आडनावाला नाही. म्हणून ‘सर बिपिन’. तसंच गंगाधरराव चिटणवीसांना ‘सर गंगाधरराव’ चालतं, ‘सर चिटणवीस’ नाही. शाळेतले ‘देशपांडे सर’ या हिशेबात येतच नाहीत. तो आपला घरचा मामला आहे, त्याला इंग्रजांचं व्याकरण लावू नये.

‘मिस्टर’ जातो आडनावाबरोबर किंवा पूर्ण नावाबरोबर. तरी कर्ज देणाऱ्यांचा फोन येतो तो ‘मिस्टर प्रशांत बोल रहे हैं?’ असाच. आदर दाखवायचाय आणि सलगीही करायचीय, अशी ती कसरत. पत्राखाली सही करताना मात्र स्वतःला ‘मिस्टर’ लावू नये. ही उपाधी दुसऱ्यांनी द्यायची असते.

खरा गुंता बायकांच्या नावांपाशी आहे. ‘मिसेस म्हणजे लग्न झालेली, मिस म्हणजे न झालेली, आणि मिझ म्हणजे घटस्फोटित किंवा विधवा’ हे समीकरण मी शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकलं आहे. त्यातला तिसरा भाग साफ चूक, आणि पहिलाही पूर्वी खरा नव्हता. ‘मिसेस’ आणि ‘मिस’ दोन्ही ‘मिस्ट्रेस’ची लेकरं. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये घर किंवा धंदा चालवणाऱ्या अविवाहित बाईलाही ‘मिसेस’ म्हणत. ‘मिझ’ची सूचना अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डच्या एका वृत्तपत्रात १९०१ साली आली ती सोयीसाठी: बाईचं लग्न झालंय की नाही हे ठाऊक नसेल, तर तिला काय म्हणावं? १९७०च्या दशकात स्त्रीमुक्ती चळवळीने तो शब्द उचलला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो स्वीकारायला १९८६ साल उजाडलं.

मग विधवेचा अर्थ आला कुठून? माझा संशय ‘श्रीमती’वर आहे. नागपुरात घरात मराठी आणि बाजारात हिंदी. हिंदी पत्रिकेत नव्या सुनेलाही ‘श्रीमती’ लिहितात. मराठी पत्रिकेत सधवेला ‘सौ.’ आणि नवरा गेलेलीला ‘श्रीमती’ अशी वाटणी रुळलेली, त्यामुळे ती हिंदी पत्रिका वाचताना मराठी आजी दचकतात. ‘श्रीमती’ हे फक्त ‘श्रीमान’चं स्त्रीरूप, त्यात नवऱ्याचा उल्लेखच नाही. पण ‘मिसेस’ म्हणजे ‘सौ.’ असं धरलं की ‘मिझ’च्या वाट्याला ‘श्रीमती’ येते, आणि पाठोपाठ तो अर्थही. ज्या बाईला पत्र लिहायचं तिने स्वतः काही लावलं असेल तर तेच लिहावं, नाहीतर ‘मिझ’ आणि आडनाव. चौकशी करत बसू नये.

इतवारी बाजारातल्या बिलांवर ‘मिझ’च्याच इंग्रजी अक्षरांत तिरकी रेघ मारलेलं ‘एम/एस’ दिसतं, त्याचा बायकांशी काही संबंध नाही. ते ‘मेसर्स’, म्हणजे ‘मिस्टर’चं अनेकवचन, भागीदारांच्या पेढीसाठी. मराठीत आपण ‘मे.’ लिहितो. नावात ‘लिमिटेड’ असलेल्या कंपनीला ते लावायची खरं तर गरज नाही.

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात ‘माय लॉर्ड’ म्हणावंच लागतं, हाही एक पक्का समज. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ सालीच नियम केला: उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात ‘युवर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’, खालच्या न्यायालयांत ‘सर’ किंवा स्थानिक भाषेतलं तसंच संबोधन. सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये सांगितलं की ‘माय लॉर्ड’ची सक्ती नाही, आदराने बोला म्हणजे झालं. तरी सवय सुटत नाही.

निमंत्रणपत्रिकांवरच्या ‘पद्मश्री अमुक’ला मात्र सरळ न्यायालयाचीच मनाई आहे. संविधानाच्या कलम १८ने राज्याकडून मिळणारे किताब बंद केले; सूट फक्त लष्करी आणि शैक्षणिक उपाध्यांना. पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, म्हणून ते वैध. आणि किताब नाहीत म्हणूनच ते नावाच्या मागेपुढे लावायचे नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९९५चा निकाल आहे.