हातात दोन एक्के, तरी टूर्नामेंटमधून बाहेर! पोकरमध्ये फ्लॉपआधीचा निर्णय इतका महत्त्वाचा का असतो?

जुलै २०१०, लास वेगास. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमध्ये ७,३१९ जण उतरले होते, प्रत्येकी १० हजार डॉलर भरून. त्यातले फक्त १५ उरले असताना मॅट ॲफ्लेकला दोन एक्के मिळाले. समोर होता कॅनडाचा जोनाथन डुआमेल, त्याच्याकडे दोन गुलाम. टेबलवरची चार पानं उघडली तोवर ॲफ्लेकच पुढे होता. त्याने सगळ्या चिप्स लावल्या. पाचवं पान अठ्ठी आलं, डुआमेलचा सिक्वेन्स लागला आणि ॲफ्लेक १५ व्या क्रमांकावर बाहेर पडला. पुढे ही स्पर्धा डुआमेलनेच जिंकली.

मग ॲफ्लेकचं चुकलं कुठे? हे समजून घेण्यासाठी सुरुवातीच्या दोन पानांपासून सुरुवात करू.

फ्लॉपआधी म्हणजे नेमकं कधी?

टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. नंतर टेबलवर सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात. त्यातली पहिली तीन एकदम येतात, त्यांना फ्लॉप म्हणतात. ती येण्याआधी बोलीची एक फेरी होते. पान सोडायचं, समोरच्याइतक्या चिप्स टाकायच्या की रक्कम वाढवायची म्हणजे रेझ करायचं, हे तेव्हाच ठरवावं लागतं.

भारी पानं किती वेळा येतात?

५२ पत्त्यांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यात दोन एक्क्यांच्या फक्त ६. म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा. तासाला ३० डाव धरले, तर साधारण सात तासांत एकदा. एक्के, राजे, राण्या यांच्या जोड्या आणि एक्का-राजा हे सगळे मिळूनही सरासरी ३९ डावांत एकदाच येतात. त्यामुळे अशी पानं आली की त्यांचा पुरेपूर फायदा घ्यावा लागतो.

मग लपवून का खेळू नये?

नवखे खेळाडू एक्के आले की गप्प बसतात. सगळ्यांनी स्वस्तात डावात यावं, मग पकडू, असा हिशोब. पण गणित उलटं आहे. कोणतीही पानं असलेल्या एका खेळाडूविरुद्ध एक्क्यांची जोडी सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. चार जण डावात आले की हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास येतं आणि आठ जण असतील तर साधारण ३५ टक्क्यांवर.

म्हणून भारी पानांवर रेझ करतात, बहुतेकदा बिग ब्लाइंडच्या दोन ते अडीच पट. आधीच कुणी रेझ केलं असेल तर त्यावर पुन्हा रेझ. यातून पॉट मोठा होतो आणि गर्दी कमी होते. मात्र फक्त एक्के आल्यावरच असं केलं, तर टेबलवरचे लोक लगेच ओळखतात. म्हणून अनुभवी खेळाडू बऱ्या पानांवरही तेवढीच रक्कम लावतात.

सगळी भारी पानं सारखी नसतात

एक्का-राजा दिसायला देखणा, पण ती अजून जोडी नाही. साधारण तीनपैकी दोन वेळा फ्लॉपवर त्याला काहीच लागत नाही. राण्यांच्या जोडीविरुद्ध तो जेमतेम ४३ ते ४६ टक्के वेळा जिंकतो.

टूर्नामेंटमध्ये वेगळं काय?

कॅश गेममध्ये हरलात तर पुन्हा पैसे काढून बसता येतं. टूर्नामेंटमध्ये चिप्स संपल्या की बहुतेक वेळा खेळ संपला.

समजा चौघे उरलेत, चिप्स समान. बक्षिसं तीनच: ५० हजार, ३० हजार आणि २० हजार. म्हणजे प्रत्येकाचा वाटा आत्ता सरासरी २५ हजारांचा. आता एकाने दुसऱ्याला हरवून चिप्स दुप्पट केल्या, तर त्याचा वाटा ५० हजार होईल का? नाही. आयसीएम नावाच्या प्रचलित गणितानुसार तो सुमारे ३८ हजारच होतो. हरला तर शून्य. ब्लाइंड बाजूला ठेवले तर असा डाव परवडण्यासाठी जिंकण्याची शक्यता किमान ६५ टक्के हवी. एक्क्यांकडे ती असते. एक्का-राजाकडे समोरच्या जोडीविरुद्ध नसते. म्हणून बक्षिसाच्या उंबरठ्यावर चांगली पानंही सोडावी लागतात.

उलट, चिप्स दहा बिग ब्लाइंडइतक्याच उरल्या असतील, तर वाट बघण्यात अर्थ नाही. चांगली पानं आली की फ्लॉपआधीच सगळं लावणं बरं.

मग ॲफ्लेकचं चुकलं का?

फ्लॉपआधी डुआमेलच्या शेवटच्या रेझवर त्याने पुन्हा रेझ न करता फक्त कॉल केला होता. यावर वाद घालता येतो. पण तेव्हा सगळं लावलं असतं आणि डुआमेल आला असता, तरी पाचपैकी एका डावात ॲफ्लेक हरलाच असता. शेवटच्या पानाआधीही डुआमेलला न दिसलेल्या ४४ पानांपैकी फक्त १० पानं उपयोगाची होती. निर्णय बरोबर असूनही निकाल विरोधात जाऊ शकतो, तो असा.

आणि म्हणूनच एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. भारी पानं शक्यता वाढवतात, खात्री देत नाहीत. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणणारा कायदा मंजूर केला. पोकरचं गणित शिकायला मात्र पैसे लावायची गरज नाही. घरातला पत्त्यांचा कॅट पुरेसा आहे.