सुखरूप परतलेले यान
१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट बुडाली व सहाशेहून अधिक माणसे गेली. पेण-रोह्याकडील उतारूंना ही जलवाट सवयीची होती. बोटीने त्यापूर्वी कितीतरी खेपा निर्वेध केल्या होत्या. बोइंग कंपनीच्या ‘स्टारलायनर’ अवकाशयानाविषयी लोकांत जो अविश्वास उत्पन्न झाला, तो समजण्यास हे उदाहरण उपयोगी पडावे.

५ जून २०२४ रोजी सुनीता विल्यम्स व बुच विल्मोर यांस घेऊन हे यान निघाले. वाटेत हेलियम वायू गळू लागला. स्थानकाशी पोचताना दिशा सांभाळणाऱ्या २८ लहान इंजिनांपैकी ५ बंद पडली, त्यांतील ४ पुन्हा चालू झाली. अतिउष्णतेने झडपेतील टेफ्लॉन फुगून ज्वलनास लागणाऱ्या द्रवाची वाट अडते, असे जमिनीवरील परीक्षांत दिसले. परंतु खरी अडचण निराळीच होती. ही इंजिने ज्या भागात असतात तो परतताना तोडून टाकावा लागतो व वातावरणात जळून जातो. बिघडलेले यंत्र हाती घेऊन तपासण्याची सोयच नाही! यान सुरक्षित आहे, असे कंपनी म्हणत होती. पण तिच्याच ७३७ मॅक्स विमानांच्या २०१८ व २०१९ मधील दोन अपघातांत ३४६ माणसे दगावली होती. मग नुसत्या ग्वाहीवर कोण विसंबणार?

२४ ऑगस्टला नासाने यान रिकामेच आणण्याचे ठरविले. सप्टेंबरात ते न्यू मेक्सिकोत अलगद उतरले. पण त्यामुळे झडपेचा दोष नाहीसा झाला, असे नव्हे. दोघे अंतराळवीर मार्च २०२५ मध्ये स्पेसएक्स कंपनीच्या यानातून परतले.