आधी ठराव ऐकू, मग सही करू



ग्रामसभेला गेलो की आपण काय करतो? वहीत सही नाहीतर अंगठा, आणि लगेच घरी. चुलीवर भात असतो. पण त्या वहीत पुढं कोणता ठराव लिहिला जातो, ते आपल्याला कळतं का?

आपला तलासरी तालुका पेसा कायद्यात येतो. कायदा 1996 चा, महाराष्ट्राचे नियम 2014 चे. त्यानुसार पाडासुद्धा वेगळं गाव म्हणून जाहीर होऊ शकतो, त्याची स्वतःची ग्रामसभा बसू शकते. शिवाय आदिवासी उपयोजनेच्या निधीतले 5 टक्के पैसे राज्य सरकार थेट पेसा ग्रामपंचायतींना देतं. त्यातून पाण्याचं काम आधी करायचं की अंगणवाडीचं, हे ग्रामसभेनं ठरवायचं. आपण उठून गेलो तर उरलेले चार जण ठरवतात.

म्हणून ग्रामसभेआधीची महिला सभा चुकवायची नाही. पाणी लांब पडतं, हे तिथं बोलायचं, ठराव लिहून घ्यायचा आणि ग्रामसभेत मांडायचा. सहीआधी सांगायचं, "भाऊ, लिहिलंय ते वाचून दाखवा." वाचता येत नाही याची लाज नको, ऐकण्याचा हक्क सगळ्यांना आहे.

1945 साली आपल्याच झरी गावात किसान सभेच्या सभेला हजारो वारली जमले आणि जमीनदाराची वेठ करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. एकटीदुकटीचं कोणी ऐकलं नसतं.

येत्या सभेला शेजारणीलाही सोबत आणा.